लेमी वापरायचं, पण ते बनवणाऱ्यांचं राजकारण दाराबाहेर कसं ठेवायचं

तासगाव भागातल्या आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटासाठी लेमी हे चर्चेचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं, तेव्हा पहिला आक्षेप ना पैशाचा आला ना रेंजचा. सावळजचे एक तात्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, हे सॉफ्टवेअर कम्युनिस्टांचं हाय म्हणं. उद्या आमच्या पोरांच्या फोनवर त्येंचा प्रचार यायला लागला तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, मग तसंच दुसरं सॉफ्टवेअर, मॅस्टोडॉन, बघू. त्यावर त्याच आठवड्यात मणेराजुरीच्या एका शिक्षिका वहिनींचा फोन आला: "मॅस्टोडॉनचा कोड तर ट्रम्पच्या कंपनीनं वापरलाय. असलं आपण का घ्यायचं?"

दोघांचीही माहिती खरी होती. लेमीचे मुख्य डेव्हलपर उघडपणे कम्युनिस्ट विचारांचे आहेत, ते काही लपवत नाहीत. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशल या नेटवर्कची चाचणी आवृत्ती लोकांनी उघडून पाहिली तेव्हा आत मॅस्टोडॉनचा कोड निघाला, हेही खरं. त्यामुळे "तसं काही नसतं हो" म्हणून वेळ मारून नेणं मला पटेना. कम्युनिस्ट हा शब्द तर आमच्या भागाला परकाही नाही. पत्री सरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट पक्षाकडूनच. तात्यांचा राग कम्युनिस्टांवर नव्हताच. आपल्या गटात कुणी तरी आडून आपलं घोडं पुढे दामटेल, ही त्यांची भीती होती, आणि ती रास्त होती.

म्हणून मी प्रश्न असा धरला: बनवणाऱ्याचं मत आपल्या सभासदाच्या फोनपर्यंत येऊ शकेल अशा वाटा किती आणि कुठल्या? प्रत्येक वाट वेगळी पाहायची, आणि बंद करायची की उघडी ठेवायची ते गटानं ठरवायचं. गाव, वाचनालय, पतसंस्था, शाळेचे माजी विद्यार्थी, कुणासाठीही असं काही उभारत असाल तर हाच क्रम कामाला येईल.

आधी थोडी ओळख

लेमी रेडिटच्या धाटणीचं आहे. विषयवार समुदाय असतात, त्यात प्रश्न टाकायचा, खाली उत्तरं येतात, चांगल्या उत्तराला मतं पडून ते वर जातं. २०२३ मध्ये रेडिटनं बाहेरच्या अ‍ॅपवाल्यांवर मोठे दर लावायचं ठरवलं तेव्हा बरेच लोक इकडे वळले. मॅस्टोडॉन ट्विटरच्या वळणाचं. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी ते २०१६ मध्ये आणलं. दोन्ही अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचा एकच नियमसंच पाळतात. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं तो जानेवारी २०१८ मध्ये मान्य केला. त्यामुळे तुमचा सर्व्हर तुमच्या ताब्यात राहून दुसऱ्यांच्या सर्व्हरशी बोलू शकतो. या बोलण्याला फेडरेशन म्हणतात.

आम्हाला हे का हवं होतं, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला १,०२४ जणांची मर्यादा आहे, आणि त्याहून मोठा त्रास म्हणजे तिथलं ज्ञान वाहून जातं. दर ऑक्टोबर छाटणीनंतर तोच प्रश्न येतो, पोंगा अवस्थेत पाऊस आलाय, डाऊनीला काय मारू? (पोंगा म्हणजे नुकती फुटणारी कोवळी फूट, डाऊनी हा बुरशीचा रोग.) एखादा जाणता शेतकरी मन लावून उत्तर लिहितो आणि संध्याकाळपर्यंत ते शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडलं जातं. लेमीवर ते उत्तर पुढच्या वर्षीही त्याच जागी सापडतं.

लायसन्सची वाट

सगळ्यात आधी लायसन्स नावाची फाईल उघडा. कोड जिथे ठेवलेला असतो तिथेच ती असते. लेमी आणि मॅस्टोडॉन दोन्हींचं लायसन्स एजीपीएल, आवृत्ती ३, म्हणजे २००७ सालचं. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतलं पहिलंच स्वातंत्र्य असं आहे, की प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवता आला पाहिजे. १९९८ मध्ये ओपन सोर्सची, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरची, व्याख्या लिहिली गेली, तिच्यातही दोन कलमं स्पष्ट आहेत: कुठल्याही व्यक्तीबाबत किंवा गटाबाबत भेदभाव करायचा नाही, आणि कुठल्याही कामाच्या क्षेत्राबाबतही नाही.

याचा अर्थ लेमीचे कम्युनिस्ट डेव्हलपर देवस्थान ट्रस्टला, व्यापारी संघटनेला किंवा आपल्याला न आवडणाऱ्या पक्षालाही लेमी चालवण्यापासून अडवू शकत नाहीत. हे नुसतं कागदावर नाही. गॅब नावाचं अतिउजव्यांचा भरणा असलेलं अमेरिकन नेटवर्क जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं. मॅस्टोडॉनच्या लोकांनी जाहीर निषेध केला, पण लायसन्स पाळणाऱ्याला कोड वापरू नको म्हणता येत नाही. पुष्कळशा सर्व्हरांनी मग आपापल्या दारातून गॅबला बंदी केली. बंदी घालायचा हक्क प्रत्येक सर्व्हरवाल्याचा होता, कोड लिहिणाऱ्याचा नव्हता. वहिनींना मी हेच सांगितलं: ज्या लायसन्सनं ट्रम्प यांच्या कंपनीला कोड मिळाला, त्याच लायसन्सनं तो तुमच्या शाळेला मिळतो आणि तेवढाच पुरा मिळतो. शिवाय एकदा या लायसन्सखाली सोडलेली आवृत्ती डेव्हलपरला मागे घेता येत नाही. उद्या त्यांनी पुढच्या आवृत्तीचं काहीही केलं तरी हातात असलेली आपली राहते.

लायसन्स आपल्यालाही एक गोष्ट बांधून घालतं. कोडमध्ये बदल करून तो लोकांसाठी चालवला, तर बदललेला कोड त्या वापरणाऱ्यांना मिळायची सोय ठेवावी लागते. ट्रुथ सोशलनं ती ठेवली नव्हती. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेनं त्यावर आवाज उठवला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना कोड उघड करावा लागला. लेमीच्या पानाच्या तळाला कोडची लिंक असते. "ही कशाला, काढून टाक की" असं कुणी म्हणेल. काढू नका.

आणि लायसन्समध्येच "फक्त चांगल्या कामासाठी" किंवा "अमुक लोकांनी वापरू नये" असं लिहिलेलं दिसलं, तर राजकारण पायातच घातलंय असं समजा. हेतू कितीही भला असो, मी असलं सॉफ्टवेअर गटासाठी घेत नाही. चांगलं काय हे उद्या कोण ठरवणार, याचा त्यात पत्ता नसतो.

कोडमधली वाट

इथे खरोखर लक्ष घालावं लागतं, कारण मत कोडमध्ये उतरू शकतं. लेमीतच उदाहरण आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत शिवीगाळीचे आणि अपमानाचे शब्द अडवणारी एक गाळणी थेट कोडमध्ये बसवलेली होती. सर्व्हर तुमचा असला तरी ती बंद करायची तर कोड बदलून सगळं पुन्हा बांधावं लागे. हेतू वाईट नव्हता, वंशद्वेषी लोकांना लेमी नकोसं व्हावं म्हणून ती होती. पण कुठला शब्द अडवायचा हे तासगावात कुणी ठरवायचं? त्यावर बरेच वाद झाले, आणि पुढे ही गाळणी अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये आली. आता शब्द आपण लिहायचे किंवा जागा रिकामी ठेवायची. आम्ही मराठी शिव्यांची आमची यादी घातली. एक सूचना: छोटे शब्द घालू नका. दोन-तीन अक्षरांची शिवी एखाद्या साध्या शब्दाच्या पोटात सापडते आणि औषधाचं नाव लिहिणाऱ्याची पोस्ट अडते. आधी चाचणीच्या समुदायात जुने खरे संदेश टाकून बघा, मगच सगळ्यांना लावा.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी एवढं करता येतं. कोडच्या जागी तक्रारींचं पान असतं, तिथे "हार्डकोडेड", "डिफॉल्ट", "फिल्टर", "ब्लॉकलिस्ट" हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. बंद केलेल्या तक्रारीही वाचा, त्याच जास्त बोलक्या असतात. डेव्हलपरनं एखाद्याला काय उत्तर दिलं, नंतर काय बदललं, हे तारखेसकट दिसतं. माणूस मतानं कसा आहे यापेक्षा आपल्याशी न पटणाऱ्या माणसाची तक्रार तो कशी हाताळतो, यावर मी जास्त भरवसा ठेवते.

मग अ‍ॅडमिनचं पान वरपासून खालपर्यंत पाहा आणि प्रत्येक सेटिंग आधी कशावर लावून ठेवलंय ते वहीत लिहा. आपला सर्व्हर आपल्याला न सांगता कुणाला फोन लावतो का, हेही तपासा. उदाहरणार्थ मॅस्टोडॉन ४.२ आवृत्तीपासून नवीन आवृत्ती आलीय का हे मॅस्टोडॉनच्याच सर्व्हरला विचारतो. सुरक्षेच्या दृष्टीनं ते उपयोगाचंच आहे, पण नको असेल तर बंद करता येतं. फेडरेशन बंद ठेवून सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची नोंद पाहिली की असलं सगळं उघडं पडतं.

कोडमधून येणाऱ्या राजकारणाचं सगळ्यात वाईट रूप मार्च २०२२ मध्ये दिसलं, आणि ते सोशल सॉफ्टवेअरच्या बाहेर घडलं. नोड-आयपीसी नावाच्या एका छोट्या पॅकेजच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमांत वापरतात अशा तयार कोडच्या, डेव्हलपरनं युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध म्हणून त्यात असा कोड घातला, की रशिया किंवा बेलारूसमधला इंटरनेट पत्ता दिसला की त्या कॉम्प्युटरवरच्या फाईली पुसून जागी हृदयाचं चिन्ह लिहायचं. युद्धाला विरोध मलाही आहे. पण एखाद्या रशियन शाळेच्या मास्तरांची मार्कांची फाईल पुसून तो कसा होतो? लोकांना त्रास झाला तो एवढ्याचसाठी, की त्यांनी आलेली नवी आवृत्ती न बघता घेतली होती.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. सर्व्हरवर सॉफ्टवेअर ज्यानं बसवतात त्या डॉकरच्या फाईलमध्ये "लेटेस्ट" लिहू नका, आवृत्तीचा नेमका आकडा लिहा. नवी आवृत्ती आली की बदलांची यादी वाचा आणि थोडे दिवस थांबा, इतरांचं काय होतंय ते बघा. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र थांबू नका. आणि अपडेटच्या आधी डेटाबेसची प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवा. लेमी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतं, त्याची प्रत काढायला पीजी-डंप हा प्रोग्रॅम पुरतो. फोटो पिक्टआरएस नावाच्या वेगळ्या भागात असतात, त्यांची प्रत वेगळी काढावी लागते. हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

त्यांचा सर्व्हर आणि आपला सर्व्हर

तात्यांच्या भीतीचं मूळ इथं होतं. लेमीचे डेव्हलपर स्वतः लेमी डॉट एमएल हा सर्व्हर चालवतात. तिथले नियम त्यांचे, तिथल्या पोस्टी काढणारे ते. चीन-रशियावर टीका केली की तिथे पोस्टी उडतात, ही तक्रार वर्षानुवर्षं होत आली आहे. बहुतेक लोक "लेमी असलं आहे" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा एकच सर्व्हर असतो. तुम्ही तुमचा सर्व्हर उभा केलात की लेमी डॉट एमएलचा एकही नियम तुमच्या सभासदाला आपोआप लागू होत नाही. छोट्या गटाला दोन जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर सुरुवातीला पुरतो. आम्ही तेवढ्यावरच सुरू केलं.

तिथल्या कारभाराबद्दल ऐकीव बोलू नका, स्वतः वाचा. लेमीत मॉडलॉग नावाचं पान सगळ्यांना खुलं असतं. कुणाची पोस्ट काढली, कुणाला बंदी केली, कारण काय दिलं, सगळं ओळीनं दिसतं. तात्यांना मी दुकानात बसवून ते पान दाखवलं आणि दिसेल ते मराठीत सांगत गेले. काही निर्णय त्यांना पटले, काही बघून ते म्हणाले, "ह्ये काय बरोबर न्हाई." त्यांचा आक्षेप असा ऐकीवाचा न राहता बघितलेला झाला, आणि पुढची चर्चा सोपी गेली.

फेडरेशनमध्ये मात्र एक बारकावा आहे आणि तो नीट समजून घ्या. आपल्या सभासदानं आपल्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरच्या समुदायात भाग घेतला, तर त्या समुदायात त्यांच्या मॉडरेटरचं, म्हणजे पोस्टींवर नजर ठेवणाऱ्याचं, चालतं. तासगावच्या खात्यावरून लेमी डॉट एमएलच्या एखाद्या समुदायात लिहिलेलं ते काढू शकतात. उलट आपल्या समुदायात येऊन त्यांचा माणूस काही लिहील, तर ते ठेवायचं की काढायचं हे आपण ठरवतो. समुदाय ज्याच्या घरचा, त्याचा नियम.

अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी मिळतात: फेडरेशन पूर्ण बंद ठेवणं, फक्त परवानगी दिलेल्या सर्व्हरांशी बोलणं, किंवा सगळ्यांशी बोलून काही निवडक सर्व्हर अडवणं. नवख्या गटानं पहिला हंगाम फेडरेशन बंद ठेवूनच काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना आधी आपसात लिहायची सवय लागू दे. आमच्याकडे नंतर परवानगीची यादी सुरू केली. कुठला सर्व्हर यादीत घ्यायचा याचा अर्ज कुणीही सभासद करतो, मी त्या सर्व्हरचे नियम आणि मॉडलॉग वाचून दोन परिच्छेद मराठीत लिहिते, आणि गट ठरवतो. नोंदणीही सगळ्यांना खुली ठेवली नाही. अर्जात "बाग कुठल्या गावात, द्राक्षाची जात कुठली" एवढं विचारतो. बाहेरचा प्रचारक हा अर्ज भरायच्या भानगडीत पडत नाही.

दार लावणं म्हणजे भांडण नव्हे, हेही गटात समजावून सांगा. जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरनं लेमी डॉट वर्ल्डसारख्या मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. तिथे नोंदणी खुली होती, लोंढा आला होता, आणि बीहॉच्या मोजक्या मॉडरेटरांना तो आवरत नव्हता. दोन्हीकडचं सॉफ्टवेअर लेमीच होतं. म्हणजे लेमी बनवणाऱ्यांना न विचारता लेमीचाच एक सर्व्हर दुसऱ्याला दार लावू शकतो. लेमीच्या ०.१९ आवृत्तीपासून तर एकेकटा सभासदही आपल्यापुरते अख्ख्या सर्व्हरवरचे समुदाय लपवू शकतो. ते कसं करायचं हे तात्या आता दुसऱ्यांना शिकवतात.

लेमी डॉट एमएलला तुम्ही परवानगी देणार नसाल तर अ‍ॅडमिनसाठी एक व्यवस्था आधी करून ठेवा. लेमी चालवणाऱ्यांच्या तांत्रिक चर्चा पुष्कळ वेळा त्याच सर्व्हरवरच्या समुदायांत होतात. त्या वाचायला आणि प्रश्न विचारायला दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर तुमचं वेगळं खातं ठेवा. मी तसं ठेवलंय. तिथे मी फक्त कामाचं विचारते, आणि कामाचं उत्तर मिळतं. माझं राजकारण काय, हे तिथे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

यादी आणि अ‍ॅप

या वाटा छोट्या आहेत, पण नव्या माणसाला पहिल्या भेटतात. मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्व्हरांची जी यादी आहे, तीत यायचं तर २०१९ पासून एक करार पाळावा लागतो: वंशद्वेष वगैरेंवर कारवाई करायची, रोज बॅकअप घ्यायचा, अडचणीत सर्व्हर उघडू शकेल असा आणखी एक माणूस ठेवायचा, बंद करायच्या तीन महिने आधी सांगायचं. ही मॅस्टोडॉनवाल्यांची भूमिकाच आहे, पण ती यादीपुरती. यादीत न जाताही सर्व्हर चालतो. करारातल्या शेवटच्या तीन अटी तर मी आमच्या लेमीसाठी तशाच उचलल्या, इतक्या शहाण्या आहेत.

अ‍ॅपचं तसंच. २०२३ मध्ये मॅस्टोडॉनचं अधिकृत अ‍ॅप नव्या माणसाला आधी त्यांच्याच मोठ्या सर्व्हरकडे नेऊ लागलं. लेमीची बरीच अ‍ॅप लॉगिन न करता उघडली की आधीच ठरवलेला कुठला तरी सर्व्हर दाखवतात. आमच्या एका काकांनी अ‍ॅप उतरवलं, समोर अमेरिकेच्या निवडणुकीची भांडणं दिसली आणि त्यांना वाटलं हाच आपला गट. त्यामुळे सभासदाला "अ‍ॅप उतरवून घ्या" एवढंच सांगू नका. आधी आपल्या सर्व्हरची लिंक ब्राउझरमध्ये उघडून द्या, तिथे नोंदणी करून घ्या, आणि मग अ‍ॅपमध्ये सर्व्हरचं नाव स्वतः टाकून द्या. अ‍ॅप बनवणाऱ्यालाही मत असतं. २०१९ मध्ये टस्की या अ‍ॅपनं गॅबवर लॉगिनच करू द्यायचं नाही असं ठरवलं, फेडीलॅबनं तसं केलं नाही. दोन-तीन अ‍ॅप माहीत असली की एकावर अडून राहायची वेळ येत नाही.

पैसा

वापरणं वेगळं आणि वर्गणी देणं वेगळं. लेमीच्या डेव्हलपरांना देणग्यांवर आणि एनएलनेट या नेदरलँड्समधल्या संस्थेच्या निधीवर काम करता आलं. आमच्या गटात ठरलं, की गटाच्या खात्यातून फक्त सर्व्हरचं भाडं आणि डोमेन भरायचं, डेव्हलपरला कुणाला द्यायचं असेल तर ज्यानं त्यानं स्वतःच्या खिशातून द्यावं. मी देते. त्यांच्या मतांशी माझं जमत नाही, पण ज्या कामावर आमचा हंगाम चालतो ते फुकटात घेऊन वर शिव्या देणं मला बरं वाटत नाही. ज्यांना पैसे द्यायचे नाहीत त्यांनी भाषांतराला हात लावावा. लेमीचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं. तिथे भरलेली मराठी ओळ उद्या वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या कामाला येते.

परतीची वाट

कुठल्याही दिवशी निघून जाता येईल अशी तयारी हवी. डेव्हलपरांचं डोकं फिरलं किंवा त्यांनी कामच सोडलं, तर काय? ओपन सोर्समध्ये फोर्क करतात, म्हणजे तोच कोड घेऊन दुसरे लोक पुढे चालवतात. आमच्या तालुक्यात हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. तास-ए-गणेश ही जात थॉमसन सीडलेसमधूनच इथल्या बागेत निवडून काढलेली आहे. मूळ वाण परदेशातला, पुढची निवड आणि मशागत इथली. केबिन नावाच्या, लेमीसारख्याच सॉफ्टवेअरच्या बाबतीत हेच झालं. एकट्या माणसाच्या खांद्यावरचा तो प्रकल्प रखडायला लागला तेव्हा २०२३ मध्ये इतरांनी त्याच कोडवरून एमबिन सुरू केलं, आणि ते चालू राहिलं.

ज्यांना मनातून लेमी नकोच असेल त्यांच्यासाठी एमबिन आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं पाईफेड आहे. दोन्ही अ‍ॅक्टिव्हिटीपब बोलतात, म्हणजे लेमीवाल्यांशी संवाद तुटत नाही. पण एक गोष्ट सभासदांना आधीच सांगा: सर्व्हर बदलला की जुन्या पोस्टी सोबत येत नाहीत. लेमीत तुम्ही जोडून घेतलेल्या समुदायांची आणि अडवलेल्यांची यादी उतरवून दुसरीकडे चढवता येते, लिहिलेलं नाही. म्हणून चांगल्या उत्तरांची एक साधी फाईल आम्ही हंगाम संपला की वेगळी काढून ठेवतो, भुरी, डाऊनी, करपा, पाणी, बेदाण्याचे सौदे अशा मथळ्यांखाली. सॉफ्टवेअर कुठलंही असो, ती फाईल उघडेल.

आणि मत आणि काम वेगळं करायचा हट्ट कधी धरू नये, तेही सांगते. डेव्हलपर सुरक्षेच्या तक्रारी मतामुळे दाबतो आहे, नको असलेल्या गटाला त्रास व्हावा म्हणून कोड बदलतो आहे, असं पुराव्यानं दिसलं तर तिथे मत आणि काम एकच झालं. मग सॉफ्टवेअर सोडा. तसंच एखाद्या सभासदाचं मन त्या माणसांचं काहीही वापरायला तयार होत नसेल तर त्याला लायसन्सची कलमं ऐकवत बसू नका. आमच्याकडे असे एक जण आहेत. त्यांना कामाची उत्तरं आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

आपलं स्वतःचं राजकारण

एवढ्या वाटा तपासल्यावर मला दिसलं, की दूर परदेशातल्या डेव्हलपरपेक्षा तासगावच्या अ‍ॅडमिनचं मत सभासदाच्या कितीतरी जवळ असतं. पोस्ट मी काढू शकते, खातं मी बंद करू शकते. आमच्याकडे साखर कारखान्याची निवडणूक असो की बाजार समितीची, एकाच घरात दोन गट असतात. मी कुठल्या बाजूची, हे गावाला ठाऊक आहे. त्यामुळे लेमीवाल्यांना जे प्रश्न विचारले ते स्वतःलाही लावले.

अ‍ॅडमिन दोन ठेवले, दोन्ही गटांतला एकेक. काढलेल्या प्रत्येक पोस्टीला मराठीत कारण लिहायचंच, म्हणजे मॉडलॉगवर गावातला कुणीही ते वाचू शकतो. निवडणुकीचं बोलणं बंद केलं नाही, त्यासाठी वेगळा समुदाय केला. ज्याला नको त्यानं तो लपवावा. बाग-औषधांच्या समुदायात उमेदवाराचं नाव आलं की ती पोस्ट काढून तिकडे टाकायला सांगतो, मग ती कुठल्याही बाजूची असो. मुख्य पासवर्ड दोघांकडे आहेत, आणि सर्व्हरचं भाडं एकाच माणसाच्या कार्डवरून जात नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण ज्याच्या कार्डवर सर्व्हर चालतो त्याला कधी तरी आपण मालक आहोत असं वाटायला लागतं.

कायद्यानंही जबाबदारी आपलीच आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे लोकांचं लिखाण ठेवणाऱ्यानं तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळक द्यायचा असतो, आपला सर्व्हर लहान असला तरी. पोलीस स्टेशनमधून विचारणा आली तर "ते लेमी बनवणाऱ्यांना विचारा" हे उत्तर चालणार नाही. पहिल्याच पानावर ते नाव टाका आणि आलेल्या तक्रारींची तारखेसकट नोंद ठेवा.

हे सगळं उभं करायला सवडीचे दिवस धरा. खरड छाटणी उरकून पावसाळ्यात थोडी उसंत मिळते तेव्हा बसवा, दोन-चार जाणत्यांकडून पहिली पन्नासेक उत्तरं लिहून घ्या, आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी सभासदांना आत घ्या. एकदा पोंगे फुटायला लागले की नवीन अ‍ॅप शिकायला कुणालाही वेळ नसतो.